मागची सीट ओट्यावर

मार्च लागला की आमच्याकडे मोहाची फुलं गळायला लागतात आणि दहावीचे पेपरही तेव्हाच असतात. दोन्हींची गाठ कुणी मुद्दाम घातलेली नाही, पण माझ्या नाकाला आता ती सुटत नाही. परीक्षेच्या वर्गात मी पर्यवेक्षक म्हणून उभी असते. पोरं माना खाली घालून लिहीत असतात, पंखा कुरकुरत असतो, आणि खिडकीतून तो गोड, जरासा आंबूस वास आत येतो. त्याच्या मागोमाग भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर. डोंगरउतारावर शेताचे तुकडे काळे पडलेले असतात, पळस पेटलेला असतो. मी उत्तरपत्रिकांवर सह्या करत पुढं सरकते आणि माझ्या पायांखाली एकदम पत्र्याची जमीन हलायला लागते. आकाशी रंगाच्या एका जुन्या अँबॅसिडरची जमीन. पेंढा घातलेली, वर गोधडी पसरलेली, आणि मधोमध पाठीला रुतणारा तो लांबट उंचवटा.

यंदा शिक्षकखोलीत एका नव्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हणे गाडीत खाली जमिनीवर बसून पेपरला यायचात? किती हाल काढलेत ना तुम्ही लोकांनी!"

मी म्हटलं, "हाल नाही काढले. सीट काढली होती."

त्या हसल्या. त्यांना तो शब्दांचा खेळ वाटला असावा. खेळ नव्हता. आम्हाला कुणी जमिनीवर बसवलं नव्हतं. बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही जागा केली होती, स्वतःच्या हातांनी, नटबोल्ट उचकटून. हा फरक ज्याला कळत नाही त्याने आमची कीव करू नये, एवढंच माझं मागणं आहे. मोखाड्याकडच्या पोरी म्हटलं की लोकांचे डोळे आधीच ओले होतात. मला त्या ओल्या डोळ्यांचा राग येतो. म्हणून तो मार्च जसा होता तसा सांगते.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला. घरं थोडी, उतार फार. भात, नाचणी, वरई पिकवायची आणि पीक घरात आलं की अर्ध्या पाड्याने भिवंडीकडे, नाशिककडे कामाला उतरायचं. शाळा खालच्या गावात होती, तिथवर चालत जायचो, त्याचं काही वाटायचं नाही. पण दहावीचं केंद्र आलं जव्हारला. त्याच वर्षी पावसात आमच्या रस्त्याची मोरी वाहून गेली होती आणि गाडी पाड्यावर चढत नव्हती. मोरी ओलांडून खाली फाट्यावर यायचं, तिथून जीप पकडायची. मार्चात मात्र फाट्यावरची प्रत्येक जीप होळी करून पुन्हा कामाला निघालेल्या माणसांनी, त्यांच्या गाठोड्यांनी, टोपल्या-कोंबड्यांनी गच्च भरलेली असायची.

आम्ही आठ जणी होतो. आठही जणी दहावीच्या. पाड्यावर त्याआधी दहावीपर्यंत पोचलेली मुलगी एकही नव्हती, आणि आम्ही एकदम आठ. पहिला पेपर मराठीचा. आम्ही गणवेश घालून, लिहायचे पॅड छातीशी धरून फाट्यावर उभ्या. एक जीप गेली, दुसरी गेली. तिसऱ्या जीपवाल्याने आमच्याकडे बघून हात हलवला आणि म्हणाला, "तुमी मागून या, पोरींनो. ही माणसं रोजची हायत." शेवटी एका खडीच्या ट्रकने आम्हाला घेतलं. केंद्रावर पोचलो तेव्हा फाटक लावत होते. सखूने आपला हात फाटकाच्या फटीत घातला आणि काढलाच नाही. शिपाई म्हणाला, "हात चेंगरंल." ती म्हणाली, "चेंगरू दे. डावा हाय." आम्ही आत गेलो.

सखू म्हणजे आमच्यातली सगळ्यात उंच. खांदे रुंद, आवाज मोठा, अभ्यास बेताचा. गणित तर तिला कधीच आवडलं नाही. पण परीक्षेला बसायचंच हे तिने ठरवलं होतं, आणि सखूने ठरवलं की बैलालाही वाट सोडावी लागायची.

संध्याकाळी परत फाट्यावर उतरलो तेव्हा सिस्टरबाई आपल्या दारात उभ्या होत्या. फाट्याला लागून त्यांचं कौलारू घर. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या, आमच्यातल्या निम्म्या जणी त्यांच्या हातावर जन्मलेल्या. आता साठी ओलांडली होती, नवरा वारला होता, मुलगा विलासदादा नाशिकला स्थायिक. बाई प्रेमळ वगैरे होत्या असं मी म्हणणार नाही. आवाज करकरीत, जिभेला धार, आणि त्यांच्या अंगणातला आंबा पाडला तर त्या शेणाचा गोळा फेकून मारायच्या. पण त्यांच्याकडे गाडी होती. त्यांच्या यजमानांची अँबॅसिडर. यजमान गेल्यावर बाईंनी म्हाताऱ्या ड्रायव्हरकडूनच ती चालवायला शिकून घेतली, तेव्हा अख्खा मोखाडा हसला होता. बाई काच खाली करून हसणाऱ्यांच्या अंगावर धूळ उडवत गेल्या.

"सकाळी ट्रकमध्ये चढताना बघितलं मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून माझ्या गाडीतून जायचं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई, आम्ही आठ जणी आहोत."

"मग? मला मोजता येत नाही काय?"

त्यांनी आम्हाला बसवून बघितलं. पुढे त्यांच्या शेजारी दोघी. मागे चौघी, त्याही एकमेकींच्या मांडीवर. दोघी बाहेर उरल्या. उरलेल्यांत मी होते. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार. बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि त्या मागच्या सीटकडे बघत राहिल्या. तांबूस रेक्झिनची, फुगीर, मधे टाचलेल्या बटणांची सीट. एवढी वर्षं जाऊनही तिला कुठं चीर नव्हती.

"हिनेच सगळी जागा खाल्लीय," बाई म्हणाल्या. "काढा हिला."

आम्ही हसलो. बाई हसत नव्हत्या. त्यांनी घरातून पाना, हातोडी आणि रॉकेलची बाटली आणली.

सीट कशी काढतात हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. आधी आम्ही नुसत्याच ओढत राहिलो. मग कळलं की बसायची गादी खोबणीत अडकवलेली आहे आणि पुढची कड वर उचलली की ती सुटते. चौघींनी जोर केला, आणि गादी एकदम वर आली तशा आम्ही सगळ्या मागच्या मागे अंगणात पडलो. गादीच्या पोटातून काथ्याचा भुगा आणि वर्षानुवर्षांची धूळ उडाली. खाली उंदराचं घरटं, चिंचोके, एक फणी, आणि कोपऱ्यात एक चष्मा.

बाईंनी चष्मा उचलला, पदराने पुसला.

"हा बघा. हा मी हरवला म्हणून माझा नवरा मला मरेपर्यंत ऐकवत होता," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या बुडाखाली होता!"

आणि मग त्या हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या, आणि ते पाणी नुसतं हसण्याचंच होतं असं मला आजही वाटत नाही.

पाठीचा भाग मात्र सुटेना. खालून दोन बोल्ट होते आणि दोन्ही गंजलेले. रॉकेल ओतलं, थांबलो, पाना लावला. एक बोल्ट कुरकुरत फिरला. दुसऱ्यावरून पाना नुसता घसरत होता. बाईंच्या बोटाला लागलं, त्यांनी बोट तोंडात घातलं आणि एक शिवी दिली, जी मी इथं लिहिणार नाही. तेव्हा सखू पुढे झाली.

"सरा," ती म्हणाली.

ती गाडीच्या जमिनीवर बसली, पाठ पुढच्या सीटला टेकवली, दोन्ही पाय मागच्या पाठीवर ठेवले आणि लाथ घातली. गाडी हलली. दुसरी लाथ. आंब्यावरचे कावळे उडाले. तिसऱ्या की चौथ्या लाथेला आतून कडाड्कन आवाज झाला आणि एवढी मोठी सीटची पाठ तिरकी होऊन लोंबकळली. सखू घामाघूम बाहेर आली. "गणितापेक्षा सोपा हाय," ती म्हणाली.

सीट आम्ही उचलून ओट्यावर नेली. गादी खाली, पाठ भिंतीला टेकवून. शेणाने सारवलेल्या ओट्यावर ती एखाद्या पाहुण्यासारखी दिसत होती, न सांगता आलेल्या आणि जायचं नाव न काढणाऱ्या. बाई तिच्यावर बसून बघत राहिल्या.

"मागे बसून काय दिसतं माहितीय?" त्या म्हणाल्या. "पुढच्याची मान. लग्न झाल्यापासून मी ह्याच सीटवरून ड्रायव्हरची मान बघत जव्हारला गेले आणि आले. रस्ता कसा आहे ते मला स्वतः गाडी चालवायला लागल्यावर कळलं."

मग पेंढा आणला, त्यावर गोणपाट, त्यावर बाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. पाठ काढल्यामुळे मागे लोखंडी पट्ट्यांमधून डिकी दिसत होती, तिच्यात दप्तरं सरकवली. सहा जणी जमिनीवर, दोघी पुढे. सगळ्या मावल्या. सगळ्यांना गुडघे जवळ घ्यायला जागा.

त्या गाडीतला प्रवास मी कसा सांगू? जमिनीवर बसलेल्या माणसाला खिडकीतून रस्ता दिसत नाही. दिसतं ते आभाळ, विजेच्या तारा, पळसाचे शेंडे आणि मधूनच एखादी घार. रस्ता आम्हाला पोटातून कळायचा. पोट डावीकडे गेलं म्हणजे ओढ्याचं वळण, उजवीकडे गेलं म्हणजे मोठ्या उंबराचं. खालून पत्रा तापायचा. पेट्रोलचा आणि पेंढ्याचा मिळून एक वास असायचा, तो माझ्या डोक्यात इतिहासाच्या प्रश्नांना चिकटून बसला आहे. एक जण प्रश्न विचारायची, बाकीच्या ओरडून उत्तर द्यायच्या. बाई पुढून चुकीची उत्तरं द्यायच्या आणि आम्ही त्यांना झिडकारलं की म्हणायच्या, "आमच्या वेळी असंच होतं." डब्यात नाचणीची भाकर, तिच्यावर लसणाची चटणी, आणि ती खाताना कुणाचं तरी ढोपर कुणाच्या तरी बरगडीत. हॉलमध्ये गेलो की आमच्या वेण्यांत पेंढ्याच्या काड्या असायच्या. एकदा एका पर्यवेक्षकाने माझ्या केसांतली काडी काढली आणि म्हणाले, "शेतातून आलीस काय?" मी म्हटलं, "नाही सर, गाडीतून." माझ्या आयुष्यातलं पहिलं तोऱ्यात बोललेलं वाक्य ते.

जव्हारच्या अलीकडे एकदा हवालदाराने गाडी थांबवली. त्याला काचेतून पुढे दोघी दिसत होत्या आणि मागे काहीच नाही, पण गाडी तर मागून बसलेली.

"मागं काय भरलंय, बाई?"

"दहावी," बाई म्हणाल्या.

तो वाकला. सहा तोंडं खालून त्याच्याकडे बघत होती. सखूने त्याला लिहायचं पॅड दाखवलं, जसं काही ते लायसन होतं. त्याने पॅड उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाला, "कुठला विषय?" आम्ही एका सुरात म्हटलं, "विज्ञान!" त्याने हात हलवला. पुढच्या पेपरला तो रस्त्यात दिसला तेव्हा स्वतःच ओरडला, "आज काय?"

आता तो रस्ता गुळगुळीत आहे आणि मोरीही बांधली. जव्हारजवळच्या शिरपामाळावर लोक फिरायला येतात, तिथल्या झेंड्याखाली उभे राहून फोटो काढतात, जाताना फाट्यावर थांबून करवंदं घेतात. काचा बंद असलेल्या त्यांच्या थंड गाड्यांत मागच्या सीटवर एखादं मूल एकटंच पाय पसरून झोपलेलं असतं. मला त्यांचा हेवा नाही आणि रागही नाही. पण एवढी मोठी जागा आणि एवढं एकच माणूस बघितलं की माझा हात नकळत पाना शोधतो.

सीट काढली त्याच आठवड्यात सखूच्या घरचे वीटभट्टीवर निघाले. आईबा, दोन धाकटे भाऊ, भांडी, सगळं. सखूचा बा फाट्यावर आला तो तिला न्यायलाच.

"पोर एकटी कुठं ऱ्हाणार?" तो बाईंना म्हणाला. "घरा कुलूप लागला. बारक्यांना बघाया कोण?"

बाई काही बोलायच्या आत सखू म्हणाली, "मी नाय येणार, बा."

"मंग निजणार कुठं? रानात?"

सखूने ओट्याकडे बोट दाखवलं. "त्याच्यावं."

तिचा बा ओट्यावर गेला. सीटकडे त्याने आधी जरा संशयाने पाहिलं, मग हाताने दाबून पाहिलं आणि मग सावकाश बसला. स्प्रिंगांनी त्याला वर उचललं. तो परत दाबून बसला. त्याच्या तोंडावर हळूहळू जे पसरत गेलं ते मला अजून दिसतं. त्याने आयुष्यात अशी मऊ जागा बुडाखाली घेतलेली नव्हती.

"गुबगुबीत हाय," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "पेपर झालं का धाडा तिला." आणि उठला. जाताना त्याने सखूच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही. फक्त आपल्या खांद्यावरचं कांबळं काढून सीटवर टाकलं आणि उतरणीला लागला.

तशी सखू ओट्यावर राहिली. त्या सीटवर ती निजायची, तिच्यावरच पालथं पडून अभ्यास करायची, आणि बाईंच्या कोंबड्या तिच्या पायाशी बसायच्या.

विलासदादाचा फोन आला तेव्हा आम्ही नुकत्याच पेपरहून परतलो होतो. बाईंच्या घरात रेंज यायची नाही. अंगणातल्या दगडी पाट्यावर उभं राहिलं तरच यायची, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं, पलीकडचंसुद्धा, फाट्याला ऐकू जायचं.

"आई, गाडी बघायला एक जण येतोय. जुन्या गाड्यांचा शौकीन आहे. त्याला सगळं ओरिजिनल लागतं. तू कशालाही हात लावू नकोस."

"हात लावून झाला," बाई म्हणाल्या. "सीट काढली."

पलीकडून एकदम आवाज चढला, इतका की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. बाबांची गाडी, बाबांनी किती जपली, लोक काय म्हणतील, त्या पोरींसाठी तू.

"त्या पोरींसाठी मी काय?" बाईंनी विचारलं. "बोल ना. वाक्य पुरं कर."

त्याने फोन ठेवला.

शौकीन गृहस्थ आले ते भूमितीच्या आदल्या दिवशी. विलासदादा सोबत होता. गृहस्थांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात बॅटरी, माणूस तसा सज्जन. त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, पेंढा बाजूला सारून जमिनीचा पत्रा ठोकला. एका ठिकाणी बॅटरीचा उजेड आरपार गेला. त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि विलासदादाचा त्याहून जास्त. मग त्यांची नजर ओट्यावर गेली आणि ते थबकले.

सीटवर सखू पालथी पडली होती. समोर वही, हातात कंपास, बाजूला एक कोंबडी.

"अरे, ही तर जशीच्या तशी आहे!" ते म्हणाले. "रेक्झिन ओरिजिनल. शिवण ओरिजिनल. बटणंसुद्धा! माझ्या गाडीची सीट पार फाटलीय हो, किती वर्षं शोधतोय मी अशी."

विलासदादा पुढे झाला. "ए मुली, ऊठ तिथून."

सखूने मान वर केली. "उद्या भूमिती हाय," ती म्हणाली. "पेपर झाला का उठते."

"अगं, पाहुण्यांना बघायचीय सीट."

"बघू दे ना. मी काय झाकून ठेवलीय?"

आम्ही बाकीच्या आंब्याखाली बसलो होतो. कुणी काही ठरवलं नव्हतं. पण मी उठले आणि ओट्यावर जाऊन सखूच्या पायाशी बसले. मग दुसरी आली. मग सगळ्या. सीटवर, सीटच्या कडेवर, जिला जागा मिळाली नाही ती खाली, सीटला टेकून. वह्या उघडल्या आणि वर्तुळाची प्रमेयं मोठ्याने म्हणायला लागलो. विलासदादा उभाच राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण आठ मुली प्रमेय म्हणत असताना नेमकं कशावर ओरडायचं हे त्याला सुचेना.

गृहस्थ हसले. "पेपर होऊ दे," ते म्हणाले. "मी परवा जीप पाठवतो." मग बाईंकडे वळले. "गाडी नको मला. पत्रा गेलाय. सीट तेवढी द्याल का?"

"न्या," बाई म्हणाल्या. "एकदाची न्या. गाडी इथंच राहील."

"आई!" विलासदादाचा आवाज फाटला. "सीटशिवाय गाडीला काय अर्थ आहे?"

"सकाळी ये. आठ जणी चढताना बघ. मग मला अर्थ विचार."

त्याला सकाळी यायची गरजच पडली नाही. तो गेलाच नाही, त्या रात्री घरातच राहिला. सकाळी आम्ही गाडीत शिरत होतो तेव्हा तो दारात चहाचा कप घेऊन उभा होता. आमच्यातली शेवटची आत बसेपर्यंत बघत होता. मग पुढे आला आणि त्याने मागचं दार बाहेरून लावून दिलं. ते दार जोरात लावल्याशिवाय लागायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असणार.   बाईंनी गिअर टाकला.

सीट जीपच्या टपावर बांधून गेली तेव्हा सखूने तिच्यावरचं बापाचं कांबळं तेवढं काढून घेतलं. राहिलेल्या पेपरांना ती ओट्यावर चटई टाकून निजली. पाठ बरी राहते म्हणाली.

निकाल लागला तो जूनमध्ये, राबात भात पेरत असताना. आम्ही सात जणी पास झालो. सखूचं गणित राहिलं.

आता लोकांना तोंड फुटलं. एवढी गाडी, एवढा थाट, बाईने सीट घालवली, मुलाशी वाकडं घेतलं, आणि पोर नापास. चक्कीवर दळण घेऊन उभ्या असलेल्या एकाने हे बाईंच्या तोंडावरच म्हटलं. मी शेजारीच होते.

"गाडी पास करायला नव्हती," बाई म्हणाल्या. "पोचवायला होती. ती पोचली."

सखूचा बा पोरीला समजावत होता, आता पुरे, आता कामाला चल. ती जुलैमध्ये पुन्हा बसली. धो धो पाऊस, धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, जमिनीच्या भोकातून पाणी आत उडत होतं, आणि बाई एकट्या तिच्यासाठी गाडी काढून जव्हारला गेल्या. तेव्हाही गणित राहिलं. नंतरच्या काळात बाईंनी तिला गाडी चालवायला शिकवली. तिथं ती एका फटक्यात पास झाली. बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. विलासदादा आला, त्याने घर बंद केलं, आणि गाडीची किल्ली सखूच्या हातात ठेवली. पुढे कित्येक मार्च ती गाडी दहावीच्या मुलींना घेऊन त्या वळणांवरून गेली, पत्रा पार खाली येईपर्यंत. आज सखूचा स्वतःचा टेम्पो आहे. साखरशेतपासून पोशेऱ्यापर्यंतचा भाजीपाला आणि मोगरा ती नाशिकला नेते, आणि घाटात तिला कुणी हॉर्न वाजवून बाजूला हो म्हटलं तर ती होत नाही.

पण मला तिच्याबद्दल सांगायचं आहे ते आमच्या निकालानंतरच्या पुढच्याच मार्चचं. तेव्हा मी जव्हारला वसतिगृहात राहून अकरावीला होते. गणिताच्या दिवशी मी मुद्दाम केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. अँबॅसिडर आली. मागून पेंढ्याच्या काड्या झटकत नव्या मुली उतरल्या, आमच्या पाड्याच्या, आमच्या धाकट्या बहिणी. पुढून, बाईंच्या शेजारून, सखू उतरली. तिच्या अंगावर गणवेश नव्हता, साधा पंजाबी ड्रेस होता, आणि ती त्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच दिसत होती. फाटकात ओळखपत्रं बघणारे सर तेच होते, मागच्या मार्चचे आणि जुलैचेही. त्यांनी कार्ड बघितलं, मग मान वर करून तिला बघितलं.

"पुन्हा तू?" ते म्हणाले. "कंटाळली नाहीस?"

त्या पेपरला तिचं गणित सुटणार होतं, पण हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. तिने त्यांच्या हातातून आपलं कार्ड घेतलं.

"नाय कंटाळली, सर," सखू म्हणाली. "ह्या टायमाला नाय सुटला तं आनिक येन. बघू, आधी कोण कंटाळतं, तुमी का मी."

आणि ती आत गेली.